चारशे सहावी जागा

राजमती काकूनं कुंकवाची डबी पुढं सरकवली
आणि बोट तसंच झाकणावर ठेवलं.
आत, मलमलच्या चिंधीत,
वाळक्या मिरचीच्या देठाएवढी
शीतलची नाळ.
एकतीस वर्षांची.

मी हातमोजे घातले. तिच्याच स्वयंपाकघरात,
दुधाच्या पातेल्याशेजारी.
मला त्या हातमोज्यांची लाज वाटली.

शीतल माझा चुलतभाऊ. सगळं दुधगाव
त्याला बदक म्हणायचं,
अनामिका आणि करंगळी एकाच कातड्यात.
वारणेत तो आम्हा सगळ्यांच्या पुढं जायचा
आणि काठावर येऊन निळा पडायचा,
हसत.
म्हाताऱ्या म्हणत, हिनं ग्रहणात भाजी चिरली असणार.
काकू सांगे, नाही चिरली.
मग सांगे, आठवत नाही.
मग तिनं सांगायचंच सोडलं.

पहिलीत त्याला पेन्सिल धरता येईना.
म्हणून मिरज. म्हणून बोटं सोडवायचं ऑपरेशन,
तासाभराचं, किरकोळ.
भुलीच्या सुईनंतर
एकही टाका पडायच्या आधी
काळीज थांबलं.
बोटं जोडलेलीच घरी आली.

प्रयोगशाळेत माझे सात महिने गेले.
जुन्या नाळेतून निघतो तो अक्षरांचा भुसा,
तुकड्याला तुकडा लावत बसायचं.
बाराव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे,
बाळाला ठेवता येणार नाही असं नाव त्याचं:
सीएसीएनए-वन-सी.
ते काळजाच्या पेशीला दार बसवतं.
दारातून कॅल्शियम आत येतं, ठोका पडतो,
दार मिटतं, काळीज सैल होतं.
परत.
तेच कॅल्शियम, काकूच्या पातेल्यातलं,
म्हाताऱ्यांच्या पानाच्या चुन्यातलं.

माझे वडील पाणीपुरवठा संस्थेत पाटकरी होते.
फोनवर त्यांनी विचारलं,
"दार उघडत नव्हतं का त्याचं?"
उघडत होतं, अण्णा. वेळेवर मिटत नव्हतं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"ते वाईट," म्हणाले.
"उघडलं नाही तर माणूस बोंबलत येतो, माझं पाणी कुठाय.
मिटलं नाही तर कुणी येत नाही.
रात्रभर पाणी रानात हिंडतं,
सकाळी बघावं तर ऊस आडवा."

चारशे सहावी जागा.
तिथं ग्लायसिन हवं, आर्जिनिन आहे.
साडेसहा लाख अक्षरांत एक चुकलेलं,
पेन्सिल नीट धरता न येणाऱ्या पोरानं
काढावं तसं.
आलेखात त्या एका जागी
काळं शिखर आणि हिरवं शिखर
एकमेकांत घुसलेली.
एकाच कातड्यात.
त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला नाही.

काकूच्या रक्तात ते अक्षर शाबूत आहे. काकांच्याही.
कुणाकडून आलेलं नाही.
त्याच्यापाशी सुरू झालं,
सहा वर्षं तीन महिने चाललं.

हे सांगायला शनिवारी गेले.
भुलीबद्दलचं एक वाक्य
सांगलीपासून तोंडात घोळवत होते,
ते समडोळीच्या फाट्यावर टाकून दिलं.
"ग्रहणानं नाही झालं, काकू. तुझ्यानं नाही, काकांच्यानं नाही."
तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला,
हिरव्या शिखरावर नख ठेवलं.
"मग पेन्सिलीचा हट्ट मी केला नसता तर?"

माझ्याकडं चारशे सहाचं उत्तर होतं.
या प्रश्नाला मी म्हणाले, माहीत नाही.
जे अर्धंच खरं.

तिनं मान हलवली, जशी ती
दूधवाल्याच्या हिशोबाला हलवते.
"डबी आणलीस?"
दिली. तिनं चिंधी सोडली,
उरलेला तुकडा तळहातावर घेतला,
हात जरासा वर-खाली केला.

"कमी झालाय गं," म्हणाली.